तासगावचे एक घर आणि एक अनिर्णित अहवाल

जनुकीय धोक्याचे संशोधन म्हटले की मोठे शहर, महागडी यंत्रे आणि परदेशातील शिष्यवृत्ती एवढेच चित्र आपल्या तरुण डॉक्टरांसमोर येते. सांगलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या फिजिशियनला या क्षेत्रात कारकीर्द घडवता येईल का, आणि आली तर तिचे भांडवल नेमके काय असेल, हे तपासण्यासाठी पुढील प्रकरण मांडले आहे. प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे आणि त्यातील डॉक्टर व कुटुंब काल्पनिक आहे. विज्ञान, कायदा आणि इतिहास यांचे जे संदर्भ येतात ते मात्र खरे आहेत.

यातील डॉक्टर वाळवा तालुक्यातील. त्यांनी मिरजेत एमडी मेडिसिन केले, सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात काही वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळला, आणि पस्तिशीच्या सुमारास त्यांच्यापुढे तासगाव तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार दाखल झाला.

रुग्णाचे वय ३६. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीची धांदल चालू असताना छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला, आणि पित्त असेल म्हणून त्याने रात्र तशीच काढली. सकाळी सांगलीला आणल्यावर अँजिओप्लास्टी झाली आणि तो वाचला. तंबाखू नाही, मधुमेह नाही, वजन बेताचे. दाखल होतानाच घेतलेल्या रक्तात एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २८४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) निघाले, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील दुसरी चरबी मात्र सामान्य होती. (हृदयविकाराचा झटका आल्यानंतर एक-दोन दिवसांत एलडीएल खाली येते आणि खरा आकडा झाकला जातो, म्हणून पहिल्या दिवसाच्या नमुन्याला फार किंमत आहे, आपल्याकडे तो अनेकदा घ्यायचाच राहतो.) डॉक्टरांनी पायाच्या टाचेमागचा स्नायुबंध चिमटीत धरून पाहिला तेव्हा तो जाड आणि गाठाळ लागला. त्याच वेळी त्यांचे लक्ष खाटेजवळ उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीकडे गेले. तिच्या दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर पिवळसर गाठी होत्या. त्या गाठी त्वचेचा आजार समजून याआधी दोनदा दाखवल्या होत्या आणि एकदा शस्त्रक्रिया करून काढल्याही होत्या. पण रक्तातील चरबी तपासायला कोणीच सांगितले नव्हते.

निदानाला जनुकीय चाचणीची गरज नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील ‘एफएच’, ओळखण्यासाठी डच लिपिड क्लिनिक नेटवर्कची गुणपद्धती वापरतात. या रुग्णाच्या एलडीएलचे ५ गुण, स्नायुबंधावरील गाठींचे ६, लहान वयातील हृदयविकाराचे २ आणि मुलीच्या गाठींमुळे कौटुंबिक इतिहासाचे २ असे १५ गुण झाले. ८ च्या वर गेले की निदान निश्चित मानतात. मुलीचे एलडीएल ५४२ आले. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय एवढा आकडा सहसा दिसत नाही, आणि म्हणून डॉक्टरांनी रुग्णाच्या पत्नीचे रक्त तपासले. तिचे एलडीएल २२६ होते. पत्नी म्हणजे रुग्णाच्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि तो मामा ४४ व्या वर्षी शेतातच छातीत कळ येऊन गेलेला.

येथपर्यंतचा भाग कोणत्याही चांगल्या फिजिशियनने केला असता. एफएचच्या जनुकाची दोनपैकी एक प्रत सदोष असण्याचे प्रमाण जगभर साधारण २५० ते ३०० माणसांत एक इतके आहे. तेव्हा सांगलीसारख्या जिल्ह्यात अशी माणसे हजारोंनी असणार, आणि त्यांतील बहुतेकांना पहिला झटका येईपर्यंत आपल्याला काही आहे हे ठाऊकही नसते. दोन्ही प्रती सदोष असलेली मुले मात्र काही लाखांत एखादे. अशा मुलांनीच या रोगाचे विज्ञान घडवले आहे. १९६४ साली बैरूतमध्ये अवेदिस खाचादुरियन यांनी लेबनॉनमधील, चुलत-मावस नात्यांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की एकाच घरातील माणसांचे कोलेस्टेरॉल तीन स्वतंत्र थरांत पडते: निरोगी, एक प्रत सदोष असलेले आणि दोन्ही प्रती सदोष असलेले. पुढे डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशाच मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून पाहिल्या, रक्तातील एलडीएल आत ओढून घेणारा ग्राही त्या पेशींत काम करत नाही हे शोधले आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे सहा वर्षांच्या एका मुलीला हृदय आणि यकृत एकाच वेळी बसवण्यात आले आणि तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले, तेव्हा हे ग्राही मुख्यतः यकृतात काम करतात हे माणसातच सिद्ध झाले. या तिन्ही कामांच्या मुळाशी एखाद्या वैद्याने नीट पाहिलेले एखादे कुटुंब आहे. ब्राउन आणि गोल्डस्टीन दोघेही मुळात रुग्ण तपासणारे डॉक्टर होते, ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवताना हटकून गाळली जाते.

वंशावळ

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत कागद पुढे घेतला आणि रुग्णाच्या आईला बोलते केले. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, रक्ताच्या नात्यातील लग्नाला दुहेरी रेघ, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे; अवघड असते ते समोरच्या माणसाकडून खरे नाते काढून घेणे. ‘आमचा पाहुणा’ या एका शब्दात व्याही, जावई, मेहुणा आणि लांबचा भाचा असे सगळे सामावतात. ‘अटॅकने गेला’ असे सांगितलेला माणूस प्रत्यक्षात विजेच्या धक्क्याने गेलेला असतो आणि ‘झोपेत गेला’ म्हणून सांगितलेल्याचे मरणच कामाचे निघते. रुग्णाची आई बासष्ट वर्षांची, तिचे स्वतःचे एलडीएल २४१. तिला एक बहीण आहे आणि एक भाऊ होता, तोच गेलेला मामा. मामाला तीन अपत्ये: रुग्णाची पत्नी, तिचा भाऊ आणि तिची धाकटी बहीण. रुग्णाला एक विवाहित बहीण आणि एक अविवाहित धाकटा भाऊ.

दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करणे ही आवडीची सोयरीक आहे, तर मावशीची मुलगी बहीण मानली जाते आणि तिच्याशी लग्नाचा विचारही कोणी करत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताच्या, नात्यातील विवाहाला मनाई केली असली तरी रूढीने मान्य असलेल्या विवाहांना त्यातून सूट दिली आहे. जनुकांच्या दृष्टीने मामाची मुलगी आणि मावशीची मुलगी यांत काहीच फरक नाही. दोघींशी नाते तितकेच जवळचे, म्हणजे सरासरीने आठवा हिस्सा समान. रुग्णाच्या आईने हे ऐकल्यावर विचारले, “बाई, घरातलं रक्त घरात राहावं म्हणून भावाची पोर सून करून आणली. त्यात काय चुकलं माझं?” डॉक्टरांनी उत्तर दिले, “काकू, चूक कुणाचीच नाही. तुमच्या भावाला हे होतं हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.” हे उत्तर सांत्वनासाठी दिलेले नव्हते, ते वस्तुस्थितीला धरून आहे. दोष लग्नाच्या रूढीत निर्माण होत नाही. तो आधीपासून घराण्यात असतो, आणि नात्यातील लग्नाने त्याच्या दोन प्रती एका मुलात येण्याची शक्यता वाढते.

अनिर्णित अहवाल

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधील रक्त महानगरातील एका प्रयोगशाळेत गेले आणि काही आठवड्यांनी अहवाल आला. एलडीएल ग्राहीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होता. मुलीच्या दोन्ही प्रतींत तो होता, आईवडिलांच्या प्रत्येकी एका प्रतीत. मात्र त्यापुढे लिहिले होते: अर्थ अनिश्चित.

२०१५ पासून जगभरच्या प्रयोगशाळा अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संस्थेची (एसीएमजी) पाच पायऱ्यांची पद्धत वापरतात. एका टोकाला निश्चित रोगकारक, दुसऱ्या टोकाला निश्चित निरुपद्रवी आणि मध्ये अनिश्चित. या कुटुंबातील बदल आंतरराष्ट्रीय नोंदींत आधी कोणालाही सापडला नव्हता, हा त्याच्याविरुद्धचा एक मध्यम पुरावा. संगणकीय अंदाज त्याला घातक ठरवत होते आणि रुग्णांची लक्षणे रोगाशी तंतोतंत जुळत होती. हे दोन दुय्यम पुरावे. तिन्हींची बेरीज रोगकारक ठरायला अपुरी पडते. युरोपातील रुग्णात सापडणारा बदल बहुधा आधी कोणी तरी नोंदवलेला असतो. आपल्याकडील रुग्णाच्या नशिबी मात्र ‘अनिश्चित’ हा शिक्का अधिक वेळा येतो, कारण आपल्या लोकांची नोंदच मुळात कमी आहे. जीनोम-व्यापी, म्हणजे माणसाचा सगळा जनुकीय आराखडा चाळणाऱ्या, अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१९ मध्ये दाखवले गेले. भारतात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) इंडिजेन प्रकल्पाने हजारभर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले, नंतरच्या प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली; तरीही तासगावच्या एका घरातील दुर्मीळ बदल तेथे सापडेलच याची हमी नाही.

अशा अहवालाचे बहुतेक ठिकाणी एकच होते: तो फाइलीत लागतो. रुग्णाला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू असते, मुलीवर उपचार सुरू असतात, मग बदलाला काय म्हणायचे याने काय फरक पडतो? डॉक्टरांच्या कारकिर्दीचे वळण या प्रश्नाच्या त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे. अनिश्चित बदलावरून नातेवाइकांची तपासणी करता येत नाही. एखाद्या पंचवीस वर्षांच्या भाच्यात तो बदल नाही म्हणून त्याला निर्धास्त करायचे, तर आधी तोच बदल दोषी आहे हे ठरायला हवे. आणि फरक केवळ आकड्याचा नाही. अमित खेरा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की एलडीएल १९० च्या वर असलेल्या, पण रोगकारक बदल नसलेल्या लोकांना हृदयविकाराचा धोका सामान्यांच्या सहापट असतो; तेच एलडीएल आणि सोबत बदलही असेल तर बावीसपट. आकडा सारखा असला तरी बदल असलेल्याच्या धमन्यांनी तो जन्मापासून सोसलेला असतो.

बदल दोषी आहे हे ठरवण्याचे दोन मार्ग डॉक्टरांपुढे होते. पहिला प्रयोगशाळेतील, म्हणजे बदललेला ग्राही पेशींत घालून तो एलडीएल ओढतो का हे पाहण्याचा. तो सांगलीत शक्य नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे घराण्यात विकार आणि बदल बरोबरीने उतरतात का हे तपासण्याचा, आणि तो सांगलीत जितका शक्य होता तितका बोस्टनमध्ये नसता. तर्क सोपा आहे. सदोष प्रत असलेल्या आईकडून मुलाला ती मिळण्याची शक्यता प्रत्येक जन्मात छापा-काट्यासारखी निम्मी असते. बदल निरपराध असेल तर एखाद्या आजारी माणसात तो निव्वळ योगायोगाने सापडू शकतो. पण सलग पाच जन्मांत प्रत्येक वेळी आजाऱ्यातच सापडेल याची शक्यता ३२ मध्ये एक, सहा जन्मांत ६४ मध्ये एक. अमेरिकेतील तीन-चार माणसांच्या, तीन राज्यांत विखुरलेल्या कुटुंबातून एवढे जन्म गोळा होत नाहीत. येथे तीन पिढ्या दोन तालुक्यांत होत्या.

तरी माणसे आपोआप येत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च बागायतदार दवाखान्याचे तोंड पाहत नाही, आणि सासरी असलेल्या लेकींचे रक्त ‘माहेरच्या आजारासाठी’ काढायला सासरची माणसे नाखूश असतात. डॉक्टरांनी चैत्रातील गावच्या यात्रेचा मुहूर्त धरला, कारण तेव्हा माहेरवाशिणी येतात, द्राक्षे उतरलेली असतात आणि एप्रिलच्या खरड छाटणीला थोडा अवधी असतो. एलडीएलसाठी उपाशीपोटी असण्याची सक्ती नसल्याने पुरणपोळीनंतरही नमुने घेता आले. ही युक्ती छोटी दिसते, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत कल्पक निर्णय हाच आहे.

निकाल पूर्णपणे सरळ आले नाहीत. रुग्णाच्या भावाचे एलडीएल २३८ आणि बदल उपस्थित. बहिणीचे ११२ आणि बदल नाही. मेहुण्याचे २५१ आणि बदल उपस्थित. मावशीचे आणि तिच्या थोरल्या मुलाचेही तसेच. पण मावशीच्या मुलीचे एलडीएल १९६ असून तिच्यात बदल नव्हता. हा एक अपवाद सगळा तर्क कोलमडवू शकत होता. महानगरातील सहकाऱ्यांनी तिला यादीतून वगळण्याचे सुचवले. डॉक्टरांनी त्याऐवजी तिची थायरॉइड तपासली. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की वाढणारे संप्रेरक, बरेच वाढलेले होते, आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर काही महिन्यांत तिचे एलडीएल १२० च्या आसपास उतरले. म्हणजे तिचे कोलेस्टेरॉल दुसऱ्याच कारणाने वाढलेले होते. नमुना वगळणे आणि रुग्ण तपासणे यांतला फरक कळण्यासाठी रुग्ण पाहणारा माणूसच संशोधनात असावा लागतो.

वीस वर्षांच्या एका नातलगात बदल असूनही एलडीएल १४८ च होते. ते डॉक्टरांनी जसेच्या तसे नोंदवले. बदल असलेल्या प्रत्येकाचे कोलेस्टेरॉल सारखे वाढत नाही. इतर अनेक जनुकांचा बारीकसारीक परिणाम ते वर-खाली करतो. शिवाय वंशावळीतील पुराव्याला एक मूलभूत मर्यादा आहे: खरा दोषी शेजारी लपलेला असेल तरी सापडलेला बदल त्याच्यासोबतच उतरत राहतो. म्हणून संपूर्ण जनुक, त्याचे तुकडे गळणे किंवा दुप्पट होणे यांसह, पुन्हा वाचून घेतले गेले. दुसरे काही सापडले नाही. पुरावे एकत्र मांडल्यावर प्रयोगशाळेने बदलाची पायरी वर नेऊन तो ‘संभाव्य रोगकारक’ ठरवला.

दोन बहिणी, दोन भाऊ

या सगळ्यात जी गोष्ट संशोधनाच्या आराखड्यात कुठेच नव्हती ती यात्रेच्या दिवशीच पुढे आली. रुग्णाच्या धाकट्या भावाचे लग्न रुग्णाच्या मेहुणीशी, म्हणजे मामाच्या दुसऱ्या मुलीशी करायचे घरात जवळजवळ ठरले होते. सख्ख्या बहिणी जावा म्हणून नांदतील, जमिनीचे वाद होणार नाहीत, असा हिशेब होता. मुलीचे एलडीएल २१९ आले आणि तिच्यातही बदल सापडला. त्या दोघांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्यात दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता चारात एक. तसे अपत्य कसे दिसते हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. मुलाने बाहेरची मुलगी केली तर हीच शक्यता हजारात एकाच्या आसपास उतरते.

डॉक्टरांनी आधीच ठरवले होते की प्रत्येकाचा अहवाल त्याचा त्यालाच मिळेल, आणि नातेवाइकांना कळवायचे पत्र रुग्णानेच पोहोचवायचे. या नियमाने येथे पेच निर्माण केला. भावाने विनवले की मुलीकडच्यांना सांगू नका, स्थळ मोडेल आणि पुढे गावात कोणी मुलगी देणार नाही. मुलीने वेगळ्या भेटीत जवळजवळ तेच सांगितले, फक्त तिची भीती अधिक खरी होती, कारण आपल्याकडे मुलाचा आजार ‘निघून जातो’ आणि मुलीचा आजार घराण्याला चिकटतो. भारतात डॉक्टरने नातेवाइकाला परस्पर सावध करावे की नाही यावर स्पष्ट नियम नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाच्या एका दाव्यात उच्च न्यायालयाने असे म्हटले की रुग्णाची गुप्तता आणि नातेवाइकाचे हित यांचा तोल तपासून पाहण्याचे कर्तव्य डॉक्टरवर असू शकते. पण तो दावा फिर्यादीने गमावला, आणि त्या कायद्याचे आपल्यावर बंधन नाही.

डॉक्टरांनी कोणाचाही अहवाल कोणाला दिला नाही. त्यांनी दोघांनाही, स्वतंत्रपणे, एकच गोष्ट सांगितली: लग्नाचा निर्णय तुमचा आहे, मात्र तो घेण्याआधी तुम्ही दोघांनी एकमेकांचे अहवाल पाहिले आहेत एवढे मला कळायला हवे, आणि हवे तर मी दोघांना एकत्र बसवून समजावून सांगेन. दोघे आले, घरच्यांना न सांगता. लग्न केले तर गर्भावस्थेत तपासणी करता येते का असे मुलाने विचारले. १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायदा चयापचयाच्या आनुवंशिक विकारांसाठी अशी तपासणी करू देतो, पण ती नोंदणीकृत केंद्रातच आणि ठरलेल्या अटींवर, हे डॉक्टरांनी सांगितले आणि त्यापुढील सल्ल्यासाठी त्यांना नोंदणीकृत केंद्राकडे पाठवले. आपल्या दवाखान्यात ‘जनुकीय समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्या पाटीला हाच कायदा लागू होतो हे त्यांच्या लक्षात नसते.

लग्न झाले नाही. मुलीने घरी एवढेच सांगितले की मला बी.फार्म. पूर्ण करायचे आहे. अहवालाची चर्चा गावात झाली नाही. मुलाने नंतर विमा उतरवताना हे लिहावे लागेल का, असे डॉक्टरांना विचारले. आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारी अट भेदभावाची आहे असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते, हे त्यांना सांगता आले; अर्जात विचारलेली माहिती लपवू नका, हेही सांगितले.

संशोधकाची जागा

आता कारकिर्दीचा हिशेब. खासगी रुग्णालयात असताना या कुटुंबावर काही प्रकाशित करणे अवघड होते, कारण मानवी संशोधनाला नोंदणीकृत नैतिकता समितीची संमती लागते आणि छोट्या रुग्णालयांत ती नसते. म्हणून डॉक्टर एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. उत्पन्न निम्म्याहून खाली आले. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत किंवा दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय आनुवंशिकीचा डीएम, म्हणजे एमडीनंतरचा अतिविशेष अभ्यासक्रम, करण्याचा विचार त्यांनी केला आणि सोडला. घरातील अडचणी हे एक कारण होते. दुसरे कारण त्यांनी स्वतःच मांडले आहे: तीन वर्षे बाहेर राहिले तर ही घरे हातची जातील.

नमुने वाचणाऱ्या महानगरातील गटाने सुरुवातीला त्यांना नमुने पाठवणारी व्यक्ती म्हणूनच गणले. लेखकांच्या यादीत त्यांचे नाव मधे कुठे तरी होते. त्यांनी भांडण केले नाही, लेखी करार मागितला. वंशावळीचा आणि रुग्णांचा भाग त्यांच्या नावाने पहिला, निकाल रुग्णांना परत देण्याची जबाबदारी ठरलेली, उरलेले डीएनए कोणत्या कामासाठी वापरायचे याला कुटुंबाची नवी संमती. कराराला काही महिने गेले आणि त्यातील शेवटच्या कलमावर गट सर्वांत जास्त अडला. माझ्या मते जिल्ह्यातील प्रत्येक डॉक्टरने पहिला नमुना पाठवण्याआधी असा करार करावा, कारण नमुना गेल्यावर वाटाघाटीला काही उरत नाही.

त्याच काळात त्यांना अमेरिकेतील एका गटाकडून दोन वर्षांची जागा देऊ करण्यात आली. काम बहुजनुकीय गुणांकाचे, म्हणजे लाखो छोट्या बदलांची बेरीज करून धोका मोजण्याचे. २०१८ मध्ये खेरा, शेखर कथिरेसन आणि सहकाऱ्यांनी ६६ लाख बदलांच्या आधारे दाखवले होते की सुमारे ८ टक्के लोकांना अशा बेरजेमुळेच हृदयविकाराचा धोका तिपटीहून अधिक असतो. तो अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचा होता. अशा बेरजा आपल्याकडे मुळीच चालत नाहीत असे नाही. टाइप १ मधुमेह ओळखण्याचा युरोपात बनलेला गुणांक पुण्यातील रुग्णांत बराच उपयोगी ठरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पण आपली लोकसंख्या वेगळ्या रीतीने घडली आहे. कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक गट तपासले, तेव्हा ८१ गटांत फिनलंडच्या लोकांहून किंवा युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्याहून तीव्र असा मोजक्या पूर्वजांचा ठसा दिसला. ज्या गटांत पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्ने होतात तेथे एकेका जनुकातील दुर्मीळ दोष साठत जातात, आणि ते शोधायला आधी माणसे ओळखावी लागतात. डॉक्टरांनी अमेरिकेची जागा घेतली नाही. त्याच गटातील संख्याशास्त्रज्ञाकडून त्यांनी महिन्यातून एकदा ऑनलाइन मार्गदर्शन मागितले आणि ते मिळाले.

याला त्याग म्हणण्याचा मोह टाळावा. सांगलीत राहिल्याने त्यांचे नुकसानही झाले आहे. पेशींवरील प्रयोग त्यांना करता आले नाहीत, संशोधनासाठी राखीव वेळ मिळाला नाही, वॉर्डच्या ड्यूटीनंतर रात्री कागद लिहावे लागले. क्लिनिकल संशोधकाला पगार आणि वेळ दोन्ही देणाऱ्या शिष्यवृत्त्या आपल्याकडे आहेत, जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स ही त्यांतली ठळक. पण त्या मिळवण्यासाठी आधीचे प्रकाशित काम हवे आणि ते काम करायला आधी वेळ हवा.

मुलीबद्दल. रोसुवास्टॅटिन आणि एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी तिचे एलडीएल ५४२ वरून ३४० च्या आसपास उतरले. तिचे ग्राही पूर्ण मेलेले नाहीत, थोडे काम करतात, असा याचा अर्थ निघतो. आणि ते महत्त्वाचे आहे, कारण इव्होलोक्युमॅबसारखी इंजेक्शने उरलेल्या ग्राहींवरच चालतात आणि ज्यांच्यात ग्राही मुळीच नाहीत अशा मुलांना त्यांचा लाभ होत नाही. इंजेक्शने महाग आहेत. इकोमध्ये महाधमनीच्या झडपेला किंचित जाडी दिसते. रुग्ण स्वतः औषधांवर ७० च्या खाली आला असून मेहुण्याला आणि धाकट्या भावाला झटका येण्याआधीच उपचार सुरू झाले आहेत; तिशीच्या आतील माणसाला, काही होत नसताना, रोज गोळी घ्यायला लावणे हे मात्र अजून दर भेटीला नव्याने करावे लागते.

गेल्या वर्षी जत तालुक्यातील एका फिजिशियनने अशाच गाठींचा एक तरुण त्यांच्याकडे पाठवला आणि त्याच्यात तासगावच्या घरातील तोच बदल निघाला. दोन्ही कुटुंबांचे देवक वेगळे आहे, आडनाव वेगळे आहे, आणि कोणालाच एकमेकांशी नाते आठवत नाही. बदलाच्या आजूबाजूचा डीएनएचा पट्टा दोन्ही घरांत सारखाच आहे का, हे पाहण्यासाठी नमुने गेले आहेत. सारखा निघाला तर बदल एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेला असणार आणि या भागात तो आणखी घरांत असणार. मग डॉक्टरांच्या नव्या अर्जात सांगली, तासगाव आणि जत येथील रक्ततपासणी केंद्रांतून १९० च्या वरचे प्रत्येक एलडीएल शोधण्याचा आराखडा असेल. वेगळा निघाला तर अर्ज लहान होईल आणि तासगावच्याच घराण्याच्या उरलेल्या दोन शाखांपुरता राहील.